कार्ले : एकवीरेच्या शेजारचा चैत्य

मळवलीला लोकलमधून उतरून कार्ल्याचा डोंगर चढणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पाय आधी एकवीरा देवीकडे वळतात. चैत्रातल्या यात्रेला तर किनाऱ्यावरचे कोळीवाडे पालख्या घेऊन वर लोटतात. देऊळ चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनादालनाच्या, अगदी तोंडाशी आहे. त्यामुळे लेण्याचा दर्शनी भाग झाकला गेला, अशी अभ्यासू मंडळींची कुरकुर असते. मला ती पटत नाही.

कारण सापडतं दामोदर धर्मानंद कोसंबींकडे. ते मूळचे गोव्याचे, पेशाने गणिती. ही लेणी त्यांनी डोंगर तुडवत वाचली. मातृदेवतांची ठाणी, जुन्या पायवाटा आणि बौद्ध लेणी एकमेकांना धरून सापडतात, हे त्यांनी दाखवून दिलं. भिक्खू इथे एकांत शोधत नव्हते, ते बोरघाटाच्या व्यापारी वाटेवर येऊन राहिले होते.

पुरावा आत आहे. चैत्यगृह सुमारे ४५ मीटर लांब, खांब ३७. स्तूपामागचे सात साधे अष्टकोनी. बाकीच्यांच्या माथ्यावर हत्ती-घोड्यांवर बसलेली जोडपी. खांबांवर आणि दारापाशी ब्राह्मीत दात्यांची नावं आहेत, आणि ती राजांची नाहीत. धेनुकाकट गावचे यवन (ग्रीक) आहेत, एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. दाराच्या कामाशी एका सुताराचंही नाव जोडलेलं आहे. कातळाच्या लेण्यात सुतार कशाला, असं वाटलं तर मान वर करा. छताच्या कमानीच्या फासळ्या खऱ्या सागवानाच्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांच्या!

राजेही येऊन गेले. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्खूंना करजिक गाव दिलं. पुढे सत्ता सातवाहनांकडे गेली, तरी त्यांनी ते दान चालू ठेवलं. आणखी काही शतकांनी महायान पंथीयांनी व्हरांड्यातल्या दंपतीशिल्पांच्या आसपासची भिंत तासून बुद्धमूर्ती कोरल्या. जुनं पुसलं नाही, नवं शेजारी बसवलं. एकवीरेचं देऊळ त्याच रांगेतलं.

जायचं तर रविवार आणि यात्रेचे दिवस टाळा. बॅटरी जवळ ठेवा. उजेड बाजूने पाडला की खांबावरची अक्षरं उठून दिसतात. आणि लेणी बघून झाली म्हणून आईचं दर्शन न घेता उतरू नका.