गळ्याशी बो असलेला ब्लाऊज

गळ्याशी रुंद बंद आणि त्याचा मोठा बो बांधलेला ब्लाऊज जुन्या इंग्रजी सिनेमांत तुम्ही पाहिला असेल. एप्रिल २०१८ मध्ये स्वीडनमधल्या कितीतरी बायकांनी, आणि पुरुषांनीही, असाच ब्लाऊज अंगात चढवला. का? तर एका बाईची खुर्ची गेली होती म्हणून.

गोष्ट सुरू होते एका फोटोग्राफरपासून. ज्याँ-क्लोद आर्नो मूळचा फ्रेंच. स्टॉकहोममध्ये एक सांस्कृतिक क्लब चालवायचा. तिथं कवितावाचन, गाणं-बजावणं, प्रदर्शनं चालत. नवख्या लेखिकेला तिथलं बोलावणं म्हणजे भाग्यच वाटायचं. बायको कातारिना फ्रॉस्टेनसन नावाजलेली कवयित्री, शिवाय साहित्याचं नोबेल देणाऱ्या स्वीडिश अकादमीची सभासद. आणि क्लबला पैसा द्यायची अकादमीच! वाढपी घरचा असला की पंगतीत कुठं का बसेना!

१९९६ साली एका कलावंत बाईनं या माणसाच्या वागण्याची तक्रार करणारं पत्र अकादमीला पाठवलं. ते बाजूला ठेवलं गेलं. पुढच्याच वर्षी एका वर्तमानपत्रानं तक्रारी छापल्या, तरी ढिम्म. या सगळ्यात मला राहून राहून त्या पत्राचंच वाटतं. ते लिहिताना तिनं किती वेळा फाडलं असेल कोण जाणे! क्लबचा पैसा मात्र चालूच राहिला.

नोव्हेंबर २०१७ मध्ये मातिल्दा गुस्ताव्हसन या पत्रकार मुलीनं 'दागेन्स न्यूहेतर' या दैनिकात १८ बायकांचे अनुभव मांडले. अंगचटीला येण्यापासून बलात्कारापर्यंत. (अकादमीच्या खुर्च्याही बरोब्बर अठराच.) आर्नोनं सगळं नाकारलं.

तेव्हा अकादमीच्या कायम सचिव होत्या सारा दानियुस. १७८६ पासून या पदावर बसलेली पहिली बाई. त्यांनी क्लबशी संबंध तोडले, वकिलांकडून चौकशी लावली. झालं, अकादमीत दोन तट पडले. १२ एप्रिल २०१८ ला दानियुसबाईंनाच पद सोडावं लागलं. त्याच दिवशी फ्रॉस्टेनसनही बाजूला झाल्या, पण लोकांना खुपलं ते हे, की घाण दाखवणारीलाच घराबाहेर काढलं. गळ्याशी बो असलेले ब्लाऊज ही दानियुसबाईंची ओळख. म्हणून तो पेहराव. आठवड्याभरात अकादमीच्या दारासमोरचा चौक माणसांनी भरला.

त्या वर्षीचं साहित्याचं नोबेल पुढं ढकलावं लागलं. ऑक्टोबरमध्ये आर्नोला बलात्काराबद्दल दोन वर्षांची कैद झाली. डिसेंबरमध्ये वरच्या कोर्टानं त्याच बाईवरचा २०११ मधला दुसरा बलात्कारही सिद्ध धरला आणि शिक्षा अडीच वर्षांची केली.

अडकलेलं २०१८ चं नोबेल १० ऑक्टोबर २०१९ ला पोलंडच्या लेखिका ओल्गा तोकार्चुक यांना जाहीर झालं. दोनच दिवसांनी दानियुसबाई स्तनाच्या कॅन्सरनं गेल्या. ५७ वर्षांच्या होत्या.