घड्याळ, बुटावरचे यंत्र आणि टेपचे माप

पहाटेच्या मिस्साला निघालो की वाटेत धावणारी आपली मुले भेटतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे या भागात सैन्यात जाण्याची ओढ जुनीच आहे. त्यातून चार एकरांवर तीन भावांचे संसार भागत नाहीत, हेही वाचकांना ठाऊक आहे. पूर्वी ही मुले साध्या घड्याळावर धावत. आता पुष्कळांच्या मनगटावर उपग्रहाचे, म्हणजे जीपीएसचे घड्याळ आले आहे. त्यावर किलोमीटरला किती मिनिटे लागत आहेत ते धावता धावता दिसते. मुले त्याला पेस म्हणतात. त्या आकड्यावर किती विसंबावे, याविषयी आज थोडे लिहीत आहोत.

सैन्याच्या अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटरची धाव ५ मिनिटे ३० सेकंदांत पुरी केली तर ६० गुण मिळतात. ५ मिनिटे ४५ सेकंदांपर्यंत आले तर ४८. आमच्या ओळखीच्या एका मुलाने झाडीतल्या रस्त्यावर सराव केला. घड्याळाने १.६ किलोमीटर दाखवले ती मोरी त्याने शेवटची खूण धरली आणि रोज तेथपर्यंत धावून वेळ ५ मिनिटे २८ सेकंदांवर आणली. भरतीच्या मैदानावर त्याला ५ मिनिटे ३८ सेकंद लागले. मुलगा आजारी नव्हता की घाबरला नव्हता. मागाहून आम्ही रस्त्याला टेप लावला, तर मोरीपर्यंतचे अंतर १५५५ मीटर भरले. गेले ते बारा गुण या ४५ मीटरांत गेले.

असे का होते? घड्याळ ज्या उपग्रहांवरून आपली जागा ओळखते ते सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात. उघड्या माळावरसुद्धा ही जागा काही मीटरांनी इकडेतिकडे होते. चिंचेच्या दाट रांगेखाली, खानापूरकडच्या झाडीत किंवा उंच भिंतीच्या कडेला चूक आणखी वाढते. बांधाची हद्द ठरवायला कोणी शहाणा शेतकरी असले माप घेणार नाही. आता ५ मिनिटे ३० सेकंदांच्या चालीने धावणारा मुलगा एका सेकंदात सुमारे ४.८५ मीटर पुढे जातो. म्हणजे सेकंदाची चाल आणि जागेची चूक जवळपास सारखीच झाली! त्यामुळे घड्याळ मागच्या काही सेकंदांची सरासरी काढून पेस दाखवते. मुलगा दमून हळू झाला तरी आकडा थोडा वेळ जुनाच राहतो. शिवाय हे ठिपके जोडले की रेघ नागमोडी होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांब भरते. म्हणून घड्याळाचे १६०० मीटर बहुधा जमिनीवर कमी निघतात.

यावर उपाय म्हणून फूट पॉड नावाचे छोटे यंत्र मिळते. वजन दहा ग्रॅमच्या आसपास. बुटाच्या नाडीत अडकवायचे. ते आकाशाकडे पाहत नाही, पायाकडे पाहते. पाय किती जोराने उचलला, पुढे गेला आणि टेकला हे आतला एक बारीक भाग क्षणोक्षणी मोजतो आणि त्यावरून प्रत्येक पावलाची लांबी काढून मनगटावरच्या घड्याळाला बिनतारी कळवतो. यातली खरी युक्ती पाऊल टेकण्यात आहे. पाय जमिनीवर टेकला की क्षणभर स्थिर असतो. दुकानदार प्रत्येक तोलाआधी काटा शून्यावर आणतो, तसे यंत्र त्या क्षणी आपला हिशोब शून्यावर आणते. एका पावलाची चूक दुसऱ्या पावलावर साचत नाही. म्हणून झाडाखालीही पेस स्थिर दिसतो, आणि चाल बदलली की आकडा लवकर बदलतो.

परंतु हे यंत्र पेटीतून काढले आणि खरे बोलू लागले, असे नाही. जुन्या लोकांना गुंठ्याची ३३ फुटी साखळी आठवत असेल. ओढून ओढून तिच्या कड्या ताणल्या जात, म्हणून मोजणीदार ती अधूनमधून पक्क्या मापाशी ताडून पाहत. फूट पॉडचेही तसेच आहे. समजा, मैदानावर बरोबर १६०० मीटर धावल्यावर त्याने १५६८ दाखवले. १६०० भागिले १५६८ म्हणजे १.०२. घड्याळात या यंत्राचा दुरुस्तीचा आकडा १०० असेल तर तो १०२ करावा. ३२ मीटरांचा फरक लहान वाटतो, पण या चालीत तो साडेसहा सेकंदांचा आहे. हे ताडून पाहणे धावूनच करावे, चालून नव्हे, कारण चालताना पाऊल वेगळे पडते. ४०० मीटरच्या मैदानावर अगदी आतल्या पट्ट्यात धावावे. एकेक पट्टा बाहेर गेले की फेरी सुमारे ७ मीटरने वाढते. बूट बदलला किंवा यंत्राची जागा हलली तर पुन्हा ताडून पाहावे. यंत्र डुगडुगू नये, पण नाडी इतकीही आवळू नये की पायाच्या वरच्या शिरा दुखू लागतील. अशी दुखणी घेऊन मुले आमच्याकडे आली आहेत.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. पुष्कळ घड्याळांत फूट पॉड जोडला तरी उघड्यावर पेस उपग्रहाचाच दिसत राहतो, आणि यंत्राचा उपयोग फक्त छताखाली धावताना होतो. घड्याळाच्या सेटिंगमध्ये जाऊन वेग आणि अंतर दोन्ही ‘नेहमी’ फूट पॉडवरून घ्यावे असे ठरवावे लागते. ते न करता महिनोन्‌महिने बुटावर नुसते ओझे वागवणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

मग प्रत्येकाने ते विकत घ्यावे काय? आमच्या मते नाही. अनवाणी धावणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. खते-बियाणांची उधारी बाकी असताना मुलाच्या हट्टासाठी पैसे घालू नयेत. चार-पाच मुलांनी मिळून एक घेतले तरी पुरते, फक्त ज्याचा त्याचा दुरुस्तीचा आकडा वहीत लिहून ठेवावा. आणि तेही जमत नसेल तर गवंड्याकडून ५० मीटरचा टेप मागून आणावा, सरळ रस्त्यावर २०० मीटरवर चुन्याची खूण करावी आणि साध्या घड्याळावर वेळ पाहावी. ५ मिनिटे ३० सेकंदांसाठी प्रत्येक २०० मीटरला सव्वाएक्केचाळीस सेकंद, ४०० मीटरला साडेब्याऐंशी. ज्यांना झाडीतल्या, वळणांच्या वाटेवरच सराव करावा लागतो त्यांना मात्र फूट पॉडचा खरा फायदा आहे.

भरतीच्या दिवशी मनगटावर घड्याळ नसणारच असे धरून चालावे. तेव्हा आठवड्यातून एकदा घड्याळावर रुमाल बांधून धावावे, फेरी संपली की किती सेकंद झाले असतील ते आधी तोंडाने सांगावे आणि मगच रुमाल सोडावा. पहिल्यांदा दहा-दहा सेकंदांनी चुकते. अंदाज दोन सेकंदांच्या आत येऊ लागला की फूट पॉड धाकट्या भावाच्या बुटाला लावायला हरकत नाही. त्याचा आकडा मात्र नव्याने काढावा.