गाणं घडताना (भाग ७) : भूपाचे पाच स्वर आणि अरेंजरचा कागद

चाल कशी सुचते ते गेल्या आठवड्यात पाहिलं. पण पेटीवर गाऊन दाखवलेली चाल म्हणजे आपण रेडिओवर ऐकतो ते गाणं नव्हे. १९५०च्या दशकातल्या मुंबईच्या चित्रपटसंगीतात या दोहोंच्या मध्ये चाल वाद्यवृंदासाठी लिहून देणारा अरेंजर असे, आणि पुष्कळदा तो गोव्याचा असे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्टाफ नोटेशन वाचायला आणि वाद्य वाजवायला शिकवत. सासष्टीतल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. व्हायोलिनवादक म्हणून ते मुंबईत आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले.

अरेंजरपुढची अडचण समजून घेण्यासाठी भूप रागातली एखादी चाल घ्या. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. पाश्चात्त्य हार्मनीची मुख्य भिस्त मात्र सा, म आणि प यांवर उभ्या केलेल्या कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांवर. पंचमावरची कॉर्ड प-नी-रे, मध्यमावरची म-ध-सा. म्हणजे दोन्हींत वर्ज्य स्वर आलाच! तीन स्वरांच्या नेहमीच्या कॉर्डपैकी भूपात पूर्ण बसतात त्या दोनच, सा-ग-प आणि ध-सा-ग. नुसती हार्मनी शिकलेला वादक इथे बेधडक निषाद लावील आणि भूपाचा रंगच उडेल. नुसता राग जाणणारा कॉर्डच्या वाटेलाच जाणार नाही. ज्याला दोन्ही ठाऊक, तो पंचमाच्या कॉर्डमधला निषाद गाळून प आणि रे एवढेच ठेवील, किंवा कॉर्डचा नाद सोडून व्हायोलिनना भूपाच्याच स्वरांत वेगळी सुरावट लिहून देईल.

शंकर-जयकिशन यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा अशा सुरावटींसाठी नावाजलेले. गायिका लांब स्वरावर थांबली की मागची व्हायोलिन चालू लागतात. शब्द सुरू झाले की तीच मागे सरतात. तेव्हा गायक आणि वादक एकत्रच ध्वनिमुद्रण करीत, मायक्रोफोन मोजके. गळा वाद्यांखाली दबणार नाही याची बरीचशी काळजी आधी कागदावरच घ्यावी लागे. माझ्या मते ही सरळसरळ रचनाच आहे, आणि श्रेयनामावलीत तिला संगीतकाराच्या शेजारी जागा मिळायला हवी होती.

गोन्साल्विस यांना तर याहून मोठं काही हवं होतं. १९५८ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी रागांवर आधारलेल्या सिंफनी-रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. सोबत गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. व्हायोलिन शिकायला त्यांच्याकडे प्यारेलाल (पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले) येत. याच जोडीचं संगीत असलेल्या ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधल्या प्रसिद्ध गाण्यातलं नाव या गुरूचंच. ते गाणं बहुतेकांना पाठ आहे. १९५८ची मैफल फार थोड्यांना ठाऊक असते.

या सगळ्यात कवीचा अजून उल्लेखही आला नाही. शब्द आधी की चाल आधी, आणि त्याने वृत्ताचं काय होतं, ते पुढच्या आठवड्यात.