उन्हाची साठवण : तुराटीत आणि रेणूत

तुरीचा हंगाम आटोपला की मंगरूळपीरच्या परिसरात घरांमागे तुराट्यांचे भारे उभे राहतात. कपाशीची शेवटची वेचणी झाल्यावर पऱ्हाटीही उपटून येते. पावसाळ्यापर्यंत अनेक चुलींत हेच जळण. सौर ऊर्जा शिकवताना आपण सौरचूल दाखवतो. पण उन्हाची साठवण दाखवायची असेल तर हा भारा अधिक बोलका आहे. श्रावण-भाद्रपदात पानांवर पडलेले ऊन त्यात बंद असते आणि चैत्रात ते भाकरी भाजते.

सौरचुलीला नेमके हेच जमत नाही. दुपारचा वरण-भात तिच्यात उत्तम शिजतो, पण सांजेच्या स्वयंपाकाला पेटी थंड. पहाटे आंघोळीला पाणी तापवायचे तेव्हाही सूर्य नसतो. आपल्या भागात वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरवर रोज सुमारे ५ युनिट, म्हणजे १८ मेगाज्यूल इतकी सौर ऊर्जा पडते. ऊन भरपूर आहे. ते धरून कसे ठेवायचे हा प्रश्न आहे.

पान ते धरते. हरितद्रव्याचा रेणू प्रकाश शोषतो, त्याचा एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि शेजारच्या रेणूच्या हाती पडतो. या हातोहातीतून शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांची शर्करा बनते, शर्करेचे सेल्युलोज. शेतातले पीक पडलेल्या उन्हापैकी जेमतेम एक टक्का असे राखते. तरीही किलोभर वाळल्या काड्यांत १५ मेगाज्यूलहून अधिक ऊर्जा असते. अडचण येते ती परत मिळवताना. तुराटी जाळावी लागते. धूर स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, आणि साध्या चुलीत दहा-पंधरा टक्के उष्णताच भांड्यापर्यंत पोचते. शिवाय जळलेली काडी परत मिळत नाही. पुढचे पीक यावे लागते.

उन्हात ऊर्जा घेईल, कित्येक महिने धरून ठेवील, मागितल्यावर उष्णता देईल आणि पुन्हा पहिल्यासारखा होईल असा रेणू मिळाला तर? हा विचार जुना आहे. अँथ्रासीनचे दोन रेणू प्रकाशात एकमेकांना जोडले जातात आणि तापवल्यावर सुटतात. त्याचा उपयोग ऊर्जा साठवण्यासाठी करावा, असे जर्मन रसायनशास्त्रज्ञ वायगर्ट यांनी १९०९ मध्ये सुचवले होते.

प्रकाशाने आकार बदलणारे रेणू आपल्याला परके नाहीत. हे वाचत असताना आपल्या डोळ्यांत रेटिनलचा वाकलेला रेणू प्रकाश पडताच सरळ होत आहे. पाहण्याची सुरुवात तिथूनच होते. कापडाच्या लाल-नारिंगी रंगांच्या कुळातले अ‍ॅझोबेन्झीन याच्या उलट वागते. ते मुळात सरळ असते आणि अतिनील प्रकाशात वाकते. वाकलेल्या रूपात ऊर्जा जास्त असते. सरळ होताना ती उष्णता म्हणून बाहेर पडते.

वर्गात हे समजावायला उंदीर पकडण्याचा चाप पुरेसा आहे. स्प्रिंग ताणताना आपण जोर लावतो आणि तो खिट्टीने अडवून ठेवतो. पेन्सिलीने खिट्टीला धक्का दिला की चाप फटकन मिटतो (बोटे दूर ठेवावीत!). जोर लावणारा हात म्हणजे प्रकाश, ताणलेली स्प्रिंग म्हणजे बदललेला रेणू आणि पेन्सिल म्हणजे उत्प्रेरक. खिट्टी सैल असेल तर चाप आपोआप सुटतो. अ‍ॅझोबेन्झीनची खिट्टी अशीच सैल: साध्या तापमानाला काही दिवसांत बरेचसे रेणू परत सरळ होतात.

यापेक्षा घट्ट खिट्टीचा रेणू म्हणजे नॉर्बोर्नाडाईन. यात ७ कार्बन, ८ हायड्रोजन आणि समोरासमोर दोन दुहेरी बंध असतात. प्रकाश शोषल्यावर हे बंध मोडून नवे एकेरी बंध तयार होतात आणि रेणूचा त्रिकोण-चौकोनांचा एक पिंजरा बनतो. त्याला क्वाड्रिसायक्लेन म्हणतात. कार्बनच्या एकेरी बंधांना आपसांत सुमारे १०९ अंशांचा कोन मानवतो. इथे त्यांना ६० आणि ९० अंशांत कोंबलेले असते. दोन आगकाड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्याने जोडून चिमटीत जवळ दाबाव्यात. नळी उलट रेटते ते बोटांना कळते. ऊर्जा आहे ती याच ताणात, किलोमागे सुमारे १ मेगाज्यूल.

मात्र नुसते नॉर्बोर्नाडाईन जो अतिनील प्रकाश शोषते तो जमिनीपर्यंत पोचतच नाही. म्हणून त्याला बाजूने इतर अणुगट जोडतात. मग ते जांभळ्या बाजूचा प्रकाश घेऊ लागते, पण रेणू जड होतो आणि किलोमागची ऊर्जा घटते. ही ओढाताण या संशोधनात पदोपदी आहे. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठात कॅस्पर मोथ-पोल्सन यांच्या गटाने यावर चिकाटीने काम केले. २०१८ मध्ये त्यांनी असा रेणू जाहीर केला, की साध्या तापमानाला त्यातली निम्मी साठवण सुटायला १८ वर्षे लागतील. २०१९ मध्ये दुसऱ्या एका रेणूचे द्रावण कोबाल्टयुक्त उत्प्रेरकावरून वाहवले, तेव्हा त्याचे तापमान ६३ अंशांनी चढले. या रेणूत किलोमागे ०.४ मेगाज्यूल ऊर्जा मावते.

आता हिशेब करू. १५ लिटर पाणी २० वरून ४५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे १.६ मेगाज्यूल लागतात. म्हणजे गळती सोडून असे ४ किलो रेणू हवेत. चुलीवर तेवढेच पाणी किलोभर तुराट्यांत तापते. आकडा तुराटीच्या बाजूने दिसतो खरा, पण ते ४ किलो उद्या पुन्हा उन्हात ठेवता येतात.

उन्हातून ऊर्जा टिपण्यात मात्र हे रेणू अजून पानाच्या फार पुढे गेलेले नाहीत. याच गटाने २०१७ मध्ये पाणी तापवणाऱ्या सौरपेटीवर असे द्रावण वाहवून पाहिले. रेणूंनी उन्हाचा १.१ टक्का साठवला. त्यांना न लागणारा प्रकाश खाली पाण्याने घेतला आणि एकूण ८० टक्के ऊन कामी आले. आम्हाला ही जोडणीच अधिक व्यवहार्य वाटते: पाणी दिवसा वापरावे, रेणू पहाटेसाठी राखावेत.

यातली बरीच द्रावणे टोल्युईनसारख्या ज्वालाग्राही द्रवात केलेली असतात. ती चुलीजवळ नेणे धोक्याचे. आणि १८ वर्षांचा आकडा २५ अंश तापमानाचा आहे. तापमान वाढले की खिट्टी झपाट्याने सैल होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ पर्यंत जातो, आणि काचेखालच्या पेटीत त्याहूनही वर. एप्रिलमध्ये शाळेच्या पत्र्यावर आणि पत्र्याखाली तापमापी ठेवून मुलांना दिवसभर दर तासाला नोंद करायला सांगावे. असा रेणू मंगरूळपीरला आलाच, तर त्याला कशात टिकावे लागेल ते त्या तक्त्यावरून कळेल.