लाईटवरची गाडी आणि सर्व्हिसिंगचा हिशेब

आमचे दाजी भालकीचे. तीस वर्षे हायस्कूलात गणित शिकवून ते निवृत्त झाले आणि हातात ग्रॅच्युइटीची रक्कम आली. आयुष्यभर मोटारसायकलवर फिरलेल्या माणसाला आता चारचाकी हवी होती. तुळजापूर, गाणगापूर, उदगीरची सोयरीक, बीदरचा दवाखाना, सगळीकडे बहिणीला घेऊन जायचे म्हणजे गाडी पाहिजेच. पण भाच्याने हट्ट धरला, घ्यायची तर लाईटवरचीच घ्यायची. "पेट्रोल नाही, ऑइल नाही, सर्व्हिसिंगचा तर प्रश्नच नाही," असे त्याने बापाला पटवले. दाजींनी मला फोन केला, "सर, तुम्हीच सांगा. सर्व्हिसिंगच नसलेले यंत्र जगात असते का?"

प्रश्न गणिताच्या मास्तरांना शोभणारा होता. मी इतिहासाचा माणूस, मोटारीतले मला फार कळत नाही. पण उन्हाळ्याची सुटी होती. चार शोरूम फिरलो, गाडी वापरणाऱ्या सहकाऱ्यांची बिले पाहिली, बसवकल्याणच्या आमच्या जुन्या फिटरशी तासभर बोललो. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण आपल्या बीदर-कलबुर्गी भागात हाच प्रश्न आता घराघरात निघतो आहे.

खरे तर विजेच्या गाडीशी आपल्या राज्याचे नाते जुने आहे. चेतन मैनी यांची 'रेवा' ही छोटी दोन दारांची गाडी बंगळूरला तयार झाली आणि २००१ साली बाजारात आली. लंडनच्या रस्त्यांवरही ती 'जी-विझ' या नावाने धावली. तिच्यात शिशाच्या बॅटऱ्या होत्या आणि एका चार्जिंगमध्ये ती ऐंशी किलोमीटरच्या आसपास जाई. पेट्रोल वाचत असे हे खरे, पण काही वर्षांनी बॅटऱ्यांचा सगळा संच बदलायची वेळ आली की वाचलेले पैसे एका दमात परत जात. २०१० मध्ये महिंद्राने ती कंपनी घेतली, २०१३ मध्ये 'ई-टू-ओ' आणली, पुढे तिचेही उत्पादन बंद झाले. बंद झालेल्या मॉडेलचे सामान शोधत फिरणे काय असते, हे ज्याच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यालाच विचारावे. ही जुनी गोष्ट सांगण्याचे कारण इतकेच की गाडी किती धावते याच्याइतकेच, ती विकणारा दहा वर्षांनी आपल्याला सामान देईल का, हेही पाहायला हवे.

आता दाजींच्या प्रश्नाकडे येऊ. सर्व्हिसिंग असते, पण कमी असते. या गाडीत इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच प्लेट नाही, सायलेन्सर नाही. ब्रेक पॅड जास्त दिवस टिकतात, कारण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरच जनरेटरसारखे काम करून गाडीचा वेग कमी करते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते. मात्र ब्रेक ऑइल काही वर्षांनी बदलावेच लागते. बॅटरी आणि मोटर थंड ठेवणारे कूलंट तपासावे लागते. एसीचा फिल्टर आहे, सस्पेन्शनचे बुश आहेत, वायपर आहेत. आणि टायर. इथे उलट खर्च वाढतो. बॅटरीमुळे गाडीचे वजन जास्त, उचल एकदम जोराची, त्यामुळे टायर लवकर झिजतात. आपल्याकडे ऊस कारखान्याच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यांची जी दशा होते, ती ध्यानात घेऊन टायरचा खर्च धरावा. कित्येक गाड्यांत स्टेपनीच दिलेली नसते, नुसते पंक्चरचे किट असते. औरादकडच्या रस्त्यावर रात्री नऊ वाजता ते किट घेऊन बसायची तयारी आहे का, हेही घेण्याआधी विचारून पाहावे.

एकंदरीत वर्षाच्या ठराविक सर्व्हिसिंगमध्ये काही हजार रुपये वाचतात. ते वाचतात हे चांगलेच, पण त्यासाठी कोणी गाडी बदलू नये. खरा फरक इंधनात पडतो, आणि तोही आपण किती फिरतो यावर.

दाजींसाठी मी वहीवर हिशेब मांडला. पेट्रोल लिटरला १०३ रुपये धरले आणि गाडी १८ किलोमीटर जाते असे धरले, तर किलोमीटरला पावणेसहा रुपये होतात. विजेची मध्यम गाडी चार्जिंगमधली गळती धरून एका युनिटला सहा किलोमीटर जाते असे समजू. घरचे युनिट सहा रुपयांचे धरले तर किलोमीटरला एक रुपया. म्हणजे किलोमीटरमागे पावणेपाच रुपये वाचले. जो रोज कामासाठी ये-जा करतो, महिन्याला दीड हजार किलोमीटर फिरतो, त्याचे वर्षाला चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी हजार वाचतील. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा अडीच लाख जास्त मोजले असतील तर ते तीन वर्षांत वसूल झाले. पण जो महिन्याला तीनशे किलोमीटर फिरतो, त्याला तीच वसुली करायला पंधरा वर्षे लागतील. दाजींनी आकडे दोनदा तपासले आणि गप्प बसले.

इथे आपल्या राज्यापुरती एक मेख आहे, जी शोरूममधला मुलगा सांगत नाही. ५ ऑगस्ट २०२३ रोजी आपल्या कलबुर्गीतच गृहज्योती योजनेचा प्रारंभ झाला. आपल्या मागच्या सरासरीत थोडी वाढ धरून तेवढी वीज फुकट आणि वर गेलेल्या युनिटांचे पैसे, पण वापर २०० युनिटांवर गेला की सगळेच बिल भरायचे, असा तिचा नियम. आता पाहा. दाजींच्या घरी महिन्याला नव्वद युनिट लागतात, बिल शून्य येते. हजार किलोमीटर गाडी फिरवली तर १६७ युनिट वाढले, बेरीज २५७. म्हणजे गाडीच्या युनिटांबरोबर पंखा, फ्रिज, मिक्सर यांचेही पैसे आले. पंधराशेच्या वर बिल, स्थिर आकार वेगळा. गाडीचा किलोमीटर एक रुपयाला नव्हे, दीड रुपयाला पडला. पेट्रोलपेक्षा तरीही स्वस्तच, पण शून्य बिलाची सवय झालेल्या घरात पहिल्या महिन्याला वाद होणार हे नक्की. वीज आयोगाच्या दरपत्रकात वाहन चार्जिंगसाठी वेगळा वर्ग आहे. गाडी बुक करण्याआधी जेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात जाऊन वेगळ्या मीटरचे विचारून घ्यावे. घराचा मंजूर लोड किती, हेही त्याच खेपेला पाहावे. जुन्या घरांना एक-दोन किलोवॅटचा लोड असतो आणि साधे पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरचे चार्जिंगच तीन किलोवॅटच्या वर ओढते. अर्थिंग तपासून घ्यावे. आपल्याकडे कित्येक वाड्यांत अर्थिंगची तार भिंतीत शिरते आणि पुढे कुठे जाते हे घरमालकालाही ठाऊक नसते. आणि ज्या गावात उन्हाळ्यात डीपी जळाली की आठवडा आठवडा अंधार असतो, तिथल्या माणसाला मी वेगळे काय सांगणार!

बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटचा दर घरच्या दराच्या तीन-चार पट पडतो, हे धरून चालावे. अधूनमधून ठीक आहे, पण ज्याला रोज तिथेच चार्ज करायचे आहे त्याची बचत फार थोडी उरते. अलीकडे बॅटरी भाड्याने देण्याची पद्धतही आली आहे. २०२४ च्या सप्टेंबरात एमजीची विंडसर आली तेव्हा बॅटरीविना किंमत ९ लाख ९९ हजार आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये, असा पर्याय होता. गाडीची किंमत कमी दिसते, पण भाडे आणि वीज मिळून साडेचार रुपये झाले, मग पेट्रोलशी फरक सव्वा रुपयाचाच राहतो. शिवाय महिन्याला किमान किती किलोमीटरचे भाडे भरायचेच, हे करारात वाचावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो. माझ्या एका सहकाऱ्याने दोन वर्षांपूर्वी विजेची गाडी घेतली. गाडी उत्तम, सर म्हणून तक्रार काही नाही. एका संध्याकाळी हुमनाबादहून कलबुर्गीकडे जाताना चहाला थांबले, परत आले तर गाडी उघडेना. मोठी बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. बंद पडली होती ती छोटी, बारा व्होल्टची, जी आपल्या साध्या गाडीतही असते. या गाड्यांतही ती असते आणि तिच्याशिवाय मोठी बॅटरी जागी होत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळले. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. जवळच्या गॅरेजवाल्याने टोचन लावू म्हटले, तर फोनवरून सांगितले, टोचन लावायचे नाही. ते बरोबरच होते, कारण चाके मोटरशी जोडलेली असतात, ती फिरली की मोटर वीज तयार करू लागते आणि नुकसान होते. सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. ट्रक रात्री साडेअकराला आला, गाडी हैदराबादला गेली आणि नवव्या दिवशी परत आली. दुरुस्ती फार तर काही हजारांची. पण नऊ दिवस गाडी नाही, दोन चकरा हैदराबादच्या, आणि पोरीच्या परीक्षेचा आठवडा. तेव्हापासून ते बारा व्होल्टची बॅटरी वेळेआधीच बदलून टाकतात.

म्हणून कोणती गाडी घ्यावी असे कोणी विचारले की मी आधी उलट विचारतो, तिचे सर्व्हिस सेंटर कुठे आहे? बीदरपासून हैदराबाद एकशे चाळीस किलोमीटर. कलबुर्गीहून सोलापूर शंभराच्या वर. शोरूम गावात असते, पण तिथे उच्च दाबाचे काम येणारा, प्रशिक्षण घेतलेला माणूस आहे का, की गाडी पुढे पाठवतात, हे स्पष्ट विचारावे. त्या गाडीची दोन-तीन वर्षे वापरलेली दोन माणसे शोधून त्यांच्याकडे चहाला जावे. माहितीपत्रकात नसलेले तिथे कळते.

बसवकल्याणचा आमचा फिटर म्हणाला, "सर, बॉनेट उघडलं की नारिंगी वायरी दिसतात. तिथं हात घालायचा नाही एवढंच आम्हाला माहीत." त्याचे बरोबर आहे. नारिंगी वायरींत शेकडो व्होल्टची वीज असते. पण पंचवीस वर्षे नुसत्या आवाजावरून इंजिनचा आजार ओळखणारा हा माणूस. टायर, सस्पेन्शन, ब्रेक यांचे काम त्याच्याकडे राहील, बाकीचे जाईल. आपल्या आयटीआयमधून या गाड्यांचे काम शिकून पोरे बाहेर पडली तर त्याच्याच गॅरेजमध्ये ती लागतील. त्याचा मुलगा मात्र पुण्याला गेला आहे, वेगळ्याच कामाला.

बॅटरीच्या वॉरंटीबद्दल थोडे. आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, यांतले जे आधी होईल ते, अशी वॉरंटी बऱ्याच गाड्यांना आहे. अलीकडे काही कंपन्या 'आजीवन' म्हणू लागल्या आहेत, पण ते आजीवन बहुधा पहिल्या मालकापुरते असते. गाडी भावाला दिली तर काय, विकली तर काय, आणि बॅटरीची ताकद किती टक्क्यांखाली गेली की कंपनी ती बदलते, हे छापील कागदावर मागून घ्यावे. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. उंच गतिरोधकावर घासली, दगड लागला, तर ते वॉरंटीत नाही, विम्यात येते. साध्या विम्यात नेमके काय येते आणि बॅटरीसाठी जादा संरक्षण घ्यायचे का, हे आधी पाहावे. ई-वाहनांना थर्ड पार्टी हप्त्यात १५ टक्के सवलत आहे, पण ती थर्ड पार्टीपुरतीच. पावसाळ्यात नाल्यावरून पाणी वाहत असेल तर बॅटरी सीलबंद आहे म्हणून गाडी घालू नये. मांजरेच्या काठच्या लोकांना हे सांगायची गरज नाही.

सरकारी सवलतींवर फार भिस्त ठेवू नये. ई-वाहनांवरचा जीएसटी २०१९ मध्ये ५ टक्के झाला, ते खरे. पण कर्जाच्या व्याजावर आयकरात मिळणारी वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती, आणि आपल्या राज्याने २०२४ मध्ये पंचवीस लाखांवरच्या ई-गाड्यांना आजीवन कर लावला. त्या दिवशीचा नियम आरटीओत विचारून घ्यावा. लातूरला भाऊ आहे म्हणून त्याच्या पत्त्यावर एमएच पासिंग करायचा विचारही काही जण करतात. गाडी भालकीत राहणार असेल तर पासिंग भालकीचेच असावे. पुढे विमा आणि कर दोन्हीकडून त्रास होतो.

दाजींनी अजून गाडी घेतलेली नाही. ते महिनाभर वहीत लिहीत होते, कुठे गेलो, किती किलोमीटर. बेरीज आली चारशे दहा. भाचा म्हणतो, गाडी आली की फिरणे वाढेल. बहीण म्हणते, गाणगापूरला दर पौर्णिमेला जाऊ. गेल्या रविवारी दाजी मला म्हणाले, "सर, लाईनमनला बोलावून अर्थिंग तेवढे करून घेतले. गाडी कुठलीही येवो, फ्रिजला शॉक मारत होता."