पातेल्यावरची रेघ

जव्हार तालुक्यातला एक पाडा. चार दिवसांची झड आत्ता कुठे थांबली आहे. कुडाच्या घराच्या पडवीत आशाताई बसल्या आहेत. चौदा महिन्यांचं पोर आईच्या मांडीवर मलूल पडलंय. कालपासून जुलाब. ताई त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती लगेच सपाट होते.

"वेळेत निरोप धाडलास," त्या म्हणतात.

"पाणी बंद केलंय," आजी आतून सांगते. "पाजलं का तेवढंच खाली जातं."

"जातं खरं," ताई मान डोलावतात. "म्हणून तर भरायचं, आजी. गेलं तेवढं भरलं नाही तर पोर सुकतं."

आजी गप्प बसते, पण उठून बाहेर येते.

ताई जलसंजीवनीची पुडी काढतात. वर लिहिलंय, एक लिटर पाण्यासाठी. या घरात लिटर कुठे आहे? तांब्या आहे, पातेलं आहे, हंडा आहे. पेलाभर पाण्यात अख्खी पुडी ओतली तर ते पोराला बाधेल. निम्मीच टाकली तर मीठ-साखर पुरेशी पडणार नाही, आणि त्यांच्या आधारानेच तर आतडं पाणी ओढून घेतं. ताई पिशवीतून लिटरची बाटली काढतात, उकळून गार केलेलं पाणी त्या बाटलीने मोजून घरातल्याच पातेल्यात ओततात आणि पाण्याच्या कडेला खिळ्याने रेघ मारतात.

"आता तू कर."

आई पुडी फोडते, अर्धी टाकते आणि उरलेली दुमडू लागते.

"ती कशाला ठेवलीस?"

"उद्याला."

"उद्याला दुसरी देते. ही सगळी टाक. आजचं पाणी उद्या चालायचं नाही."

ताई स्वतः हात लावत नाहीत. मला ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्या आठवतात. 1980 पासूनच्या दहा वर्षांत त्या बांगलादेशात 1 कोटी 20 लाखांहून अधिक घरांत गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढंच आयांकडून करवून घेत. त्यांचा पगार भेटींच्या संख्येवर नव्हता. नंतर दुसरं कुणी जाऊन आईला काय आठवतंय ते तपासे, त्यावर तो ठरे. तरीही सुरुवातीला फार थोड्या घरांत ते पाणी पाजलं जाई. चौकशीत कळलं, शिकवणाऱ्यांतल्याच कित्येकींचा त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. आपल्याकडच्या प्रत्येक आरोग्य प्रशिक्षणात ही गोष्ट सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

इथे पातेलं ढवळून होतं. ताई आधी स्वतः घोटभर पितात, मग वाटी आजीपुढे धरतात. आजी चाखते.

"डोळ्यांतल्या पाण्यासारखं लागतंय."

भिंतीवर ताई कोळशाने चौदा रेघा ओढतात, झिंकच्या चौदा गोळ्यांसाठी. "तिसऱ्या दिवशी पोर खेळायला लागेल, तरी सगळ्या संपवायच्या. गोळी दिली की रेघ पूस."

पोर पहिला चमचा थुंकून टाकतं. आजी सुनेच्या हातातून चमचा घेते, त्याला आपल्या मांडीवर ओढते आणि थेंब थेंब ओठांवर सोडू लागते.