आमरीची सालीवरील स्थापना

घाटातील आंब्याच्या वा ऐनाच्या फांदीवर वाढणाऱ्या सीतेच्या वेणीस, म्हणजेच ऱ्हिन्कोस्टायलिस रेट्युसा या आमरीस, पुष्कळ ठिकाणी बांडगुळात जमा करण्यात येते. हा त्या वनस्पतीवर अन्याय होय. बांडगूळ आपली शोषकमुळे आश्रयवृक्षाच्या काष्ठात घुसवून पाणी व क्षार घेते. आमरीची मुळे सालीस बाहेरूनच बिलगतात. तिला वृक्षाकडून केवळ आधार हवा असतो. म्हणूनच सालीच्या निर्जीव ढलप्यावरही ती वर्षानुवर्षे टांगती ठेवता येते.

तरीही असे प्रयत्न अनेकदा फसतात, आणि त्याचे कारण बहुधा मुळांच्या रचनेकडे झालेले दुर्लक्ष हे असते. या मुळांभोवती वेलामेन नावाचे मृत, पोकळ पेशींचे स्पंजासारखे वेष्टन असते. पाणी पडताच ते त्वरेने शोषून वेष्टन पारदर्शक बनते व आतील हरितद्रव्याचा रंग बाहेर दिसतो. वाळल्यावर पेशींत हवा भरून मूळ पुन्हा रुपेरी होते. रुपेरी मुळास पाणी द्यावे, हिरव्यास देऊ नये. वेळापत्रकापेक्षा ही खूण अधिक विश्वसनीय आहे. अखंड ओले राहणारे मूळ हवेअभावी कुजते, आणि कुंडीतील माती आमरीस मारक ठरते ती यामुळेच.

पेरू व निलगिरी यांची साल आपोआप सुटते व बिलगलेली मुळेही बरोबर नेते. सबब ती वर्ज्य. ऐनाची जाड, भेगाळ साल उत्तम. मुळांखाली काथ्याचा पातळ थर पुरे. रोप सुती दोऱ्याने वा तंगुसाने घट्ट बांधावे. तांब्याची तार मुळांस विषारी असते. येथे घट्टपणास फार महत्त्व आहे. मुळाचा वाढता शेंडा सालीस टेकला की त्या बाजूस मूलरोम फुटून तो चिकटतो. रोप वाऱ्याने डुलत राहिले तर शेंडा घासून मरतो. शेंडा किंचित बाहेर झुकवावा, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही. पावसाळ्याचा आरंभ, नव्या मुळांची टोके दिसू लागताच, हा योग्य काळ होय.

याच चिकटण्यामुळे रानातून ओरबाडून आणलेली आमरी क्वचितच जगते: मूळ सालीवरून अखंड सुटत नाही, त्याचे वेष्टन फाटते. शिवाय तिचे बीज धुळीसारखे, अन्नसाठ्यावाचून असते. त्यास रुजण्यासाठी बुरशीचे साहाय्य लागते, हे नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखविले. त्यामुळे रानातील हानी सहजी भरून येत नाही. प्रदर्शनासाठी रोपवाटिकेत बीजापासून वाढविलेलीच रोपे घ्यावीत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुळांनी साल धरलेली असल्यास दोरा कापून टाकावा.